दोघींनी मान डोलावली

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरली बँकेत चिकटली होती, आणि ‘चिकटली’ हा शब्द आई इतक्या समाधानानं उच्चारायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, उद्या बँक वाहून गेली तरी थोरली खुर्चीसकट तिथंच राहील. धाकटीचं मात्र कुठं चिकटण्याचं लक्षण दिसत नव्हतं. शाळेत चांगले गुण असूनही तिनं विद्यापीठात अरबी घेतली. हे कानावर आलं तेव्हा आई घासलेली भांडी फळीवर लावत होती. हातातलं पातेलं तसंच धरून तिनं विचारलं, “अरबी? म्हणजे नेमकं काय होणार तू?”

“दुभाषी.”

“म्हणजे दोघांच्या मधे बसून बडबड करायची. ते तू आत्ताही करतेस की, त्याला विद्यापीठ कशाला हवं?”

आई पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांची पार्सलं तोलून तिला प्रत्येक गोष्टीचं वजन करायची सवय लागली होती. त्यामुळे दर आठवड्याला एकदा तरी ती विचारायचीच, “मागणी आहे ना गं त्याला?” जणू अरबी म्हणजे बाजारात आलेला एखादा नवा माल, आणि तो आपल्या घरात पडून राहिला तर ठेवायचा कुठं, याची तिला चिंता.

अरबीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला होता. मोडक्या खुर्च्या ठेवायच्या खोलीला लागून. मुलं मोजकीच. पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, “ही भाषा शिकून काय करणार?” एक उंचच उंच मुलगा, ज्याला पुढं सगळे लांब्या म्हणू लागले, त्याला तेलाच्या कंपनीत जायचं होतं. एका मुलीला विमान कंपनीत. ती तेव्हापासून विमानवाली झाली. एकाच्या वडिलांचा सुक्या मालाचा धंदा होता आणि तिकडच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहायला घरचं माणूस हवं होतं. आणखी एकजण म्हणाला, “सर, प्रवेशाच्या दिवशी मला उठायला उशीर झाला. बाकीचे विषय भरले होते.” सगळे हसले, सरही हसले. धाकटी उठून म्हणाली, “मला इस्पितळात दुभाषी व्हायचंय.” कोणी हसलं नाही. तिला ते आवडलं.

ती अभ्यासू होती. अरबीत शब्दाचा शेवटचा स्वर त्याच्या वाक्यातल्या कामाप्रमाणे बदलतो, आणि तो नेमका लावता लावता बाकीच्यांची दमछाक व्हायची. धाकटी वाचायला लागली की एकही स्वर घसरायचा नाही. “वाच गं तू,” सर म्हणायचे, “जरा कान धुऊन निघू देत आमचे.” पण सर आणखीही एक गोष्ट वारंवार सांगायचे. आपण शिकतो ती ग्रंथांतली आणि बातम्यांतली भाषा, माणसं घरात असं बोलत नाहीत, गावोगावची बोली वेगळी. हे धाकटीनं वहीत सुबक अक्षरात उतरवून घेतलं होतं.

शेवटच्या वर्षी दोन विषयांतून एक निवडायचा होता: बोली किंवा जुनं गद्य. बोली शिकवायला तिकडच्याच एक बाई यायच्या. पुस्तक नाही, फळा नाही. एकाला भाजीवाला करायचं, एकीला गिऱ्हाईक, आणि घासाघीस करायला लावायची. धाकटी पहिल्या तासाला गेली. बाईंनी तिला काहीतरी विचारलं, ते तिला कळलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा कळलं नाही. तिसऱ्यांदा तिनं आपलं शुद्ध, शेवटचे स्वर लावलेलं वाक्य म्हटलं, तशा बाई खळखळून हसल्या आणि प्रेमानं तिच्या पाठीवर थाप मारून पुढं गेल्या. तासभर सगळेच चुकत होते, सगळेच हसत होते. पण वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला चुकायची सवय कुठून असणार? पुढच्या आठवड्यात तिनं विषय बदलला.

“अगं, का गेलीस? किती मजा येते,” विमानवाली म्हणाली. “मी काल टोमॅटोऐवजी भाजीवाल्याचा जावईच विकत मागितला.”

“जुन्या गद्यात गुण चांगले पडतात,” धाकटी म्हणाली. ते खरंही होतं.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात परदेशी रुग्णांसाठी वेगळा कक्ष होता. तिथं शेवटच्या वर्षाची मुलं शिकाऊ म्हणून घ्यायचे. त्या वर्षी परीक्षेनंतर एक कायमची जागाही भरायची होती. कक्षप्रमुख बाई ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, सदा घाईत. उमेदीच्या वयात त्या स्वतः दुसऱ्या कुठल्याशा भाषेच्या दुभाषी होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना उभ्याउभ्याच नियम सांगितले.

“रुग्ण ‘माझं पोट दुखतं’ म्हणाला, तर तुम्हीही ‘माझं पोट दुखतं’ असंच म्हणायचं. ‘त्यांचं पोट दुखतंय म्हणतात’, असलं काही नाही. तुम्ही तिथं नसताच. काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. शिवी दिली तर शिवी. आणि कळलं नाही तर हात वर. फोनवर सगळ्या बोलींचे दुभाषी मिळतात आपल्याला. लाज वाटली तरी हात वर. कळलं?”

सगळ्यांनी माना हलवल्या.

सुरुवातीचे दिवस धाकटीला फार सुखाचे गेले. रुग्ण आले ते व्यापारी, एक अभियंता, एक शाळामास्तर. शिकलेली माणसं. ती तिच्याशी तिच्याच पुस्तकी अरबीत बोलत. शाळामास्तर तर म्हणाले, “मुली, माझे विद्यार्थी इतकं शुद्ध बोलले असते तर मला हा रक्तदाब झालाच नसता.” हे तिनं घरी सांगितलं, आणि तिथंच चुकलं. आईनं फोन उचलला आणि मावशीला लावला. “अगं, जवळजवळ झाल्यातच जमा आहे. कायमची जागा. हो हो, इस्पितळात. डॉक्टरच्या बरोबरीनं बसते ती.” धाकटी दारातून हातवारे करत होती, नको, नको, पण तिला मनातून बरंही वाटत होतं.

मग आजी आल्या. कुठल्याशा डोंगरातल्या गावच्या. पित्ताशयात खडे झाले होते, शस्त्रक्रिया व्हायची होती. बरोबर मुलगा होता, त्याला इथली मोडकीतोडकी भाषा यायची, पण शस्त्रक्रियेच्या दालनाच्या अलीकडच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नसत. तिथं पडद्याआड, चाकांच्या खाटेवर, कागदी टोपी घातलेल्या आजी गळ्यापर्यंत पांघरूण ओढून बसल्या होत्या. आडव्या व्हायला तयार नव्हत्या. भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. त्यांच्यामागं दिवसभराची यादी लागलेली. पडद्याशी कक्षप्रमुख बाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. जागेचा निर्णय त्याच आठवड्यात होता, आणि त्या कशासाठी उभ्या आहेत हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरांनी नाव विचारलं. धाकटीनं ते अरबीत विचारलं, आजींनी नाव सांगितलं. कुठली शस्त्रक्रिया? आजींनी पोटावर हात ठेवला. इथपर्यंत ठीक.

“रात्रीपासून काही खाल्लंय, प्यायलंय?”

धाकटीनं प्रश्न विचारला. सुंदर वाक्य झालं. एकही स्वर घसरला नाही. आजी तिच्या ओठांकडं बघत राहिल्या. मग हसल्या आणि बोलायला लागल्या. बरंच बोलल्या, हात हलवून, मधे धाकटीच्या मनगटावर थोपटून. त्या सगळ्या ओघातून धाकटीच्या हाती एकच शब्द लागला, ‘पोरी’. शेवटी आजींनी तिच्याकडं बघून मान डोलावली. धाकटीनंही डोलावली.

हात वर करायचा तो हाच क्षण होता. तिला ते कळतही होतं. पण पडद्याशी बाई होत्या, घरी मावशीपर्यंत गेलेली बातमी होती, आणि वर्गातली पहिली मुलगी एका अडाणी म्हातारीच्या एका वाक्यापुढं गार पडली असं म्हणायला तिची जीभ उचलेना. शिवाय शस्त्रक्रियेच्या आधी कोण खातं? मुलानं सांगितलं असेलच की.

“मी काही खाल्लेलं नाही,” ती म्हणाली.

नियमाप्रमाणे ‘मी’च म्हणाली. डॉक्टरांनी कागदावर खूण केली आणि हातमोजे चढवायला गेल्या. बाईंनी पडद्याशी उभ्याउभ्याच अंगठा वर केला.

बाहेर पिण्याच्या पाण्यापाशी विमानवाली बाटली भरत होती. तिचीही उमेदवारी होती. “कशी झाली गं?”

“छान,” धाकटी म्हणाली. आजवर ती पेपरात चुकली होती, उच्चारात चुकली होती. पण ‘मी’ म्हणून दुसऱ्याच्या तोंडी आपलं वाक्य घालणं, हे तिनं कधी केलं नव्हतं. ते वाक्य आता आजींचं झालं होतं. काही झालं तर कागद म्हणणार होता, आजीच तसं म्हणाल्या.

खाट बाहेर आली. ढकलणाऱ्या काकांनी बळेच आडवं केलेल्या आजींनी तिला पाहिलं, आणि पांघरुणातून हात काढून, नातीला करावा तसा टाटा केला.

धाकटीनं हात वर केला. शाळेत करतात तसा, सरळ. मोकळ्या कॉरिडॉरमधे तो फार विचित्र दिसला. काकांना वाटलं थांबायला सांगतेय, ते थांबले. मागून बाई आल्या.

“काय गं?”

“मला कळलं नव्हतं.”

“काय कळलं नव्हतं?”

“आजी काय म्हणाल्या ते. मी मनानं सांगितलं.”

“मनानं?” हे भूलवाल्या डॉक्टरांनी विचारलं. त्या दालनाच्या दारात एक मोजा घालून, एक हातात धरून उभ्या होत्या. “मनानं म्हणजे?”

विमानवालीनं बाटलीचं झाकण लावलं, त्याचा आवाजही सगळ्यांना ऐकू आला.

फोन आणला. सगळ्यांना ऐकू जाईल असा तो खाटेच्या कडेला ठेवला. पलीकडून कुणा गृहस्थाचा नुकताच झोपेतून उठल्यासारखा आवाज आला. त्यानं आजींना दोन शब्द विचारले मात्र, आजींचा चेहराच पालटला. माहेरचं कुणी भेटावं तशा त्या उठून बसल्या आणि बोलायला लागल्या. तो हसला. त्या हसल्या. मग तो सरळ आवाजात, काही न गाळता सांगू लागला.

“मी पहाटे दूध प्यायले आणि दोन पाव खाल्ले. मुलगा म्हणाला होता उपाशी राहा. पण त्याला काय कळतं? पोटात काही नसेल तर चाकू कसा सोसायचा? तो आंघोळीला गेला तेव्हा मी खाल्लं. त्याला सांगू नका.”

डॉक्टरांनी हातातला मोजा कचऱ्याच्या डब्यात टाकला. “मग मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?”

प्रश्न तिकडं गेला, उत्तर इकडं आलं.

“मघाशी मी या मुलीला म्हणाले, पोरी, तू फार गोड बोलतेस, बातम्या सांगतात तसं. पण मला त्यातलं काही कळत नाही, मी शाळेत गेले नाही. तू तुझं विचारत राहा, मी मान हलवते. नाहीतर हे लोक तुला रागावतील.”

फोनवरच्या गृहस्थानं विचारलं, “आणखी काही?” धाकटी जमिनीकडं बघत होती. तिथं खाटेच्या चाकात दोऱ्याचा एक गुंता अडकला होता, तो तिला अजूनही डोळ्यांपुढं दिसतो. तिची अब्रू राखायला म्हातारीनं मान हलवली होती, आणि स्वतःची राखायला हिनं. आणि ती म्हातारी भुलीखाली जायची होती.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर ढकलली. बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं, बस म्हणाल्या नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत राहिल्या.

“सांगितलंस, म्हणून आज ती बाई धड आहे,” त्या म्हणाल्या. “पण अंगठा मी वर केला होता गं. तुझ्या चेहऱ्यावर मला काहीच दिसलं नाही. इतकी सफाई! त्याचीच मला भीती वाटते. मी तुला नाही घेऊ शकत.”

“हो,” धाकटी म्हणाली.

“तुझी मैत्रीण दिवसातून चारदा हात वर करते. जीव खाते माझा. तिला घेणार आहे मी.”

घरी आली तेव्हा आई फोनवरच होती. मावशीच. हिचा चेहरा बघून तिनं “नंतर करते” म्हणून फोन ठेवला. धाकटीनं उभ्यानंच सगळं सांगितलं, पदरचं न घालता.

“पण तू सांगितलंस कशाला?” आईच्या तोंडून आधी तेच निघालं. “वाटीभर दूध आणि पावानं काय होतंय?”

“भुलीत उलटी झाली की ती फुफ्फुसात जाते, आई. माणूस जातो.”

आई खुर्चीत बसली. टेबलावरची मिठाची बरणी उगाच इकडून तिकडं सरकवली. मग म्हणाली, “मावशीला काय सांगू आता? जागा भरलीच नाही म्हणू?”

“सांग, तिला अरबी येत नाही.”

“येत नाही कशी? पहिली येतेस तू!”

“वाचता येते.”

आईला रडूही येईना आणि रागही. ती मिठाच्या बरणीशीच बोलावं तसं म्हणाली, “खिडकीवर कुणी भलत्याच भाषेत बोलायला लागलं की मीही हो हो म्हणते आणि शेजारच्या खिडकीवर पाठवते. इतकी वर्षं. कुठं कुठं गेली असतील गं ती माणसं?” मग एकदम उठून, “हातपाय धू. जेवायचंय,” म्हणाली. मावशीला फोन तिनं केला नाही. मावशीचाच आला, तेव्हा तो वाजू दिला. दोघी आपापल्या ताटात बघत जेवल्या. बाबांनी “काय झालं?” विचारलं, तर दोघी एकदम म्हणाल्या, “काही नाही.”

दुसऱ्या दिवशी धाकटी इस्पितळात गेली ती भेटायला येणाऱ्यांच्या वेळेत. गळ्यात शिकाऊंच्या ओळखपत्राची पट्टी नव्हती, त्यामुळे दारावरच्या माणसानं ओळखीचं हसू न हसता नेहमीचे प्रश्न विचारले. शस्त्रक्रिया नीट झाली होती. आजींचा मुलगा खाटेशी बसला होता. तिला बघून तो ताडकन उठला. ती काही बोलायच्या आधीच तो आपल्या मोडक्या भाषेत माफी मागायला लागला. आईनं चोरून खाल्लं, इस्पितळाचा वेळ गेला, त्याला फार लाज वाटते. तीही माफी मागायला लागली. दोघांचं एकदमच चाललं, कुणाचं कुणाला ऐकू येईना.

आजींनी डोळे उघडले. तिला ओळखलं. काहीतरी म्हणाल्या, हळू, घोगऱ्या आवाजात.

“मला समजलं नाही,” धाकटी अरबीत म्हणाली.

आजी पुन्हा म्हणाल्या. मुलगा सांगायला पुढं झाला, तर त्यांनी बोटानंच त्याला गप्प केलं. धाकटी खाली वाकली. “समजलं नाही, आजी. पुन्हा.” तिसऱ्या वेळी आजींनी कोरडी जीभ ओठांवरून फिरवली, तेव्हा तिला कळलं. पाणी. मेजावर पेला भरलेला होता, हात तिकडं गेलाही होता. पण ती परिचारिकेकडं गेली आणि विचारलं. आत्ता घोटभरही नाही, फक्त ओला कापूस ओठांना लावा.

आता हे आजींना सांगायचं कसं? पुस्तकातलं वाक्य जिभेवर तयार होतं, शेवटच्या स्वरासकट. ते तिनं गिळलं. पेल्याकडं बोट केलं, ‘नाही’ अशी मान हलवली, कापूस दाखवला. आजींनी कपाळाला आठ्या घालून काहीतरी सुनावलं. ते बहुधा फारसं चांगलं नसावं, कारण मुलगा भिंतीकडं तोंड करून हसू दाबायला लागला.

धाकटीनं कापूस ओठांना लावला. आजींनी डोळे मिटले, मग कापसाकडं बोट करून आपल्या गावचा शब्द उच्चारला. धाकटीनं तो म्हटला. आजींनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा उच्चारला. ती पुन्हा चुकली. शेजारच्या खाटेवरची बाई मान वळवून बघायला लागली. धाकटीला तिथून उठून जावंसं वाटत होतं. कापूस पुन्हा भिजवून तिनं तो शब्द आणखी एकदा म्हटला.